वळणावरचा भार

तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैलीचा घाट चढावा लागतो, आणि अक्कलकुव्याहून मोलगीला जायचं तर देवगोईचा. या दोन घाटांनी माझ्या गॅरेजला जेवढं काम दिलं, तेवढं सपाटीवरच्या साऱ्या रस्त्यांनी मिळून दिलं नसेल. आमचा नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. मध्ये तापीकाठची काळी जमीन, तिच्यात ऊस, कापूस, केळी, पपई, उत्तरेला सातपुडा. एकच बोलेरो सकाळी मोलगीच्या चढावर असते आणि दुपारी अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावर. त्यामुळे इथल्या मिस्त्रीची ओळख इंजिनापेक्षा गाडीच्या खालच्या अंगाशी जास्त. पाटे, जंपर, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, रोजचा व्यवहार याच मंडळींशी.

या खालच्या अंगात एक भाग असा आहे की त्याचं नाव घेऊन गिऱ्हाईक सहसा येत नाही. तो म्हणजे स्टॅबिलायझर बार, यालाच स्वे बारही म्हणतात. दोन्ही टोकांना वाकवलेली, बोटाएवढ्या जाडीची पोलादी सळई. मधला भाग दोन रबरी बुशांत बसवून चासीला आवळलेला, आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. कॅनडातल्या स्टीफन कोलमन नावाच्या माणसाला 1919 साली याचं पेटंट मिळालं. शंभर वर्षं उलटली, पण कल्पना आजही तीच आहे.

गाडी डावीकडे वळते तेव्हा अंग उजवीकडे झुकतं. उजवं चाक आत दबतं, डावं मोकळं होतं. बारचं एक टोक वर ढकललं जातं, दुसरं खाली ओढलं जातं आणि मधली सळई धुण्यासारखी पिळली जाते. पोलादाला पिळून घ्यायचं नसतं. ते परत सरळ व्हायला बघतं आणि त्या जोरावर गाडीचं झुकणं रोखतं. गतिरोधकावर मात्र दोन्ही चाकं एकदम वर जातात. तेव्हा सळई पिळलीच जात नाही, बुशांत नुसती फिरते. बारचं सगळं मर्म इथे आहे. दोन चाकांत फरक पडला की तो जागा होतो.

आमच्याकडे ड्रायव्हर येतो तो तक्रार घेऊन. "भाऊ, गाडी डोलस." नाहीतर पुढून कट-कट आवाज येतो म्हणून. मी गाडी खड्ड्यावर घेतो, खाली उतरतो आणि आधी लिंक रॉड मुठीत धरून हलवतो. बॉल जॉइंट झिजला असेल तर हाताला लगेच कळतं. बारीकशी उडी जाणवते. मग बुश बघतो. ऑइल गळून बुशावर पडत असेल तर रबर फुगतं, मऊ पडतं, बोटाने दाबलं की काळं लागतं. घाटातल्या गाड्यांत हे भाग लवकर जातात, कारण वळण संपलं की लगेच उलटं वळण येतं. बार डावीकडून पिळला जातो, तेवढ्यात उजवीकडून.

हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. पण या सळईचा मी खऱ्या अर्थाने हिशेब मांडला तो एका तरुणामुळे. शहादा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, नोकरी पुण्यात, हातात एक जुनी हॅचबॅक. दिवाळीच्या सुट्टीत गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, पुढचा स्वे बार जाड टाकायचाय."

"कशासाठी?"

"ऑटोक्रॉसला उतरायचंय."

ऑटोक्रॉस म्हणजे काय ते त्यानेच समजावलं. मोकळ्या, बंदिस्त जागेत कोन किंवा खुणा लावून वळणावळणाचा मार्ग आखतात आणि घड्याळ लावून गाड्या सोडतात. खरी लढत वेळेशी. वेग फार नसतो. बहुतेक काम दुसऱ्या गिअरमध्ये होतं. कोन पडला की वेळेत दंड मिळतो. देशात या खेळाचा कारभार चेन्नईची फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया पाहते. उतरण्याआधी गाडीची तपासणी होते, हेल्मेट आणि पट्टा लागतो. आपल्या बाजूला नाशिकला रॅलीची जुनी हौस आहे, तिथे त्याचे मित्र होते.

त्याने बरेच अमेरिकन व्हिडिओ पाहिले होते. त्यांत मंडळी स्पोर्ट्स कारचा पुढचा बार बदलून जाड टाकतात. मी विचारलं, "बारच का?" त्याचं उत्तर मला पटलं. तिथल्या स्पर्धांमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचा जो गट असतो, त्यात स्प्रिंग बदलायची मुभा नसते. पुढचा किंवा मागचा, एक बार मात्र बदलता येतो. बाकी हात बांधलेले असले की जो एक बोल्ट मोकळा आहे त्यावरच सगळ्यांचं लक्ष जाणार.

माझा पुढचा प्रश्न साधा होता. "त्या गाड्या कुठल्या चाकांनी चालतात?" बहुतेक मागच्या. माझदा एमएक्स-5 सारख्या हलक्या, मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या. याची गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. "आणि तू जिथे उतरणार तिथे खाली काय आहे, डांबर की माती?" माती होती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. जुना बार व्हर्नियरने मोजला, 22 मिमी. त्याला हवा होता 24 मिमीचा. दोन मिलिमीटर म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. पण सळईचा पिळायला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बावीसचा चौथा घात 2,34,256 आणि चोविसाचा 3,31,776. म्हणजे दोन मिलिमीटरमध्ये बार सुमारे 42 टक्के कडक होतो. पोकळ नळीचा हिशेब आणखी रंजक आहे. 24 मिमीच्या बारमध्ये 16 मिमीचं भोक ठेवलं तर वजन जवळजवळ 44 टक्क्यांनी उतरतं आणि कडकपणा फक्त 20 टक्क्यांनी. कारण पिळाला विरोध करण्यात बाहेरच्या थराचा वाटा मोठा, आतल्या गाभ्याचा थोडा. म्हणूनच बरेच चांगले बार पोकळ असतात. इतकी वर्षं हे बार काढत-घालत आलो, पण ही आकडेमोड समोर मांडल्यावर सळईकडे बघायची माझी नजर बदलली.

मग आली मुद्द्याची गोष्ट. वळणावर आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जातो. किती जातो, ते गाडीचं वजन, वजनाच्या मध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर, वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतं. बार कितीही जाड टाका, या एकूण भारात म्हणावा असा फरक पडत नाही. बार एवढंच ठरवतो की त्यातला किती पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. पुढचा बार कडक केला की पुढच्या जोडीचा वाटा वाढतो, मागचीचा कमी होतो.

आणि टायरचा एक स्वभाव आहे. त्याच्यावर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीत एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर फार थोडं वजन, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा बार जाड केला तर पुढची पकड घटायला हवी आणि गाडीचं नाक वळणाबाहेर सरकायला हवं. मग स्पोर्ट्स कारवाले असं का करतात? एक कारण, मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत मागचं आतलं चाक जमिनीवर नीट टेकून राहतं, म्हणजे वळणातून निघताना ताकद जमिनीत उतरते. दुसरं, गाडी कमी झुकल्याने दिशा बदलायला ती लवकर तयार होते आणि कोनांच्या रांगेतून जाताना हीच गोष्ट घड्याळात दिसते. तिसरं कारण स्ट्रट सस्पेन्शन असलेल्या गाड्यांपुरतं. गाडी झुकली की बाहेरच्या पुढच्या चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो, टायर सपाट न टेकता कडेवर उभा राहतो. झुकणं रोखलं की टायर सपाट राहतो, आणि भारामुळे गमावलेली पकड काही वेळा त्यातून भरून निघते.

त्याच्या गाडीत पहिलं कारण उलटं पडत होतं. ताकद पुढच्याच चाकांना. पुढचं आतलं चाक हलकं झालं की साधा डिफरन्शिअल सगळा जोर त्या हलक्या चाकात घालवतो आणि ते जागेवर फिरत राहतं. म्हणूनच अशा गाड्यांत बरेच जण मागची बाजू कडक करायला बघतात. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, करून बघू. मोजून बघू." मोजायची तयारी असलेलं गिऱ्हाईक मला नेहमीच आवडतं.

त्याचा एक मित्र म्हणत होता, बार बाहेरून कशाला मागवायचा, लेथवाल्याकडून चोवीसची सळई वाकवून घेऊ. यावर मी ठाम होतो. साधं लोखंड असो की स्प्रिंग स्टील, तेवढ्याच जाडीची सळई थोडी पिळायला लागणारा जोर साधारण सारखाच असतो. फरक आहे तो परत येण्यात. स्प्रिंग स्टील पिळून पुन्हा जागेवर येतं. साधं लोखंड एका मर्यादेपुढे तसंच वाकडं राहतं, मग गाडी उभी असतानाच एका बाजूला कलते. स्प्रिंग स्टील तापवून वाकवलं तर त्याला पुन्हा पाणी द्यावं लागतं, टेम्पर करावं लागतं, आणि ते नेमक्या तापमानाला. वेल्डिंगचं तर नावच नको. टाक्याशेजारी पोलादाचा स्वभाव बदलतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. माणसं बसतात त्या गाडीखाली मी असली सळई लावत नाही. त्याने तयार बार मागवला, टोकांना दोन-दोन भोकं असलेला. बाहेरच्या भोकात लिंक लावली तर हात लांब होतो आणि बार मऊ वागतो. आतल्या भोकात लावली तर कडक.

नवा बार यायच्या आधी आम्ही जुन्यालाच न्याय दिला. बुश आणि दोन्ही लिंक रॉड नवे घातले, टायरची हवा सारखी केली. त्याच्या कुटुंबाच्या एका पडीक वावराची माती चांगली कडक झाली होती. तिथे वाळू भरलेल्या बाटल्या मांडून त्याने मार्ग आखला. टायरच्या कडेवर मी खडूने आडव्या रेघा ओढल्या. गाडी फिरून आली की रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. कडेच्या पार खाली पुसली असेल तर टायर फार कलतोय किंवा हवा कमी आहे. नव्या बुशांनी गाडी इतकी बदलली की तो उतरून म्हणाला, "काका, ही वेगळीच गाडी झाली." बार तर तोच होता. झिजलेल्या बुशात बार पिळला जाण्याआधीच हलत होता, आता तो पहिल्या क्षणापासून काम करत होता.

पुढच्या सुट्टीत नवा बार बसवला. हे काम घाईचं नाही. या गाडीत बार स्टिअरिंग रॅकच्या मागे दडलेला, तो काढायला क्रॉस मेंबर खाली उतरवावा लागतो. त्याआधी स्टिअरिंगच्या जॉइंटवर पांढऱ्या मार्करने खूण करून ठेवली, म्हणजे जोडताना दात इकडचे तिकडे होणार नाहीत. लिंकचा नट गंजलेला असला की बॉल जॉइंटची दांडी नटाबरोबर फिरायला लागते. मग दांडीच्या टोकातल्या खाचेत ॲलन की घालून ती धरायची आणि पाना सावकाश चालवायचा. नव्या बारला पीयू (पॉलियुरेथेन) बुश होते. त्यांना त्यांचंच ग्रीस लागतं, नाहीतर ते दर वळणाला कुरकुरतात. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, लिंक आवळताना दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत. एकच बाजू जॅकवर उचललेली असेल तर बार आधीच पिळलेला असतो, लिंकचं भोक भोकाला मिळत नाही, आणि पोरं हातोड्याने ते मिळवायला बघतात. गाडी दोन्ही बाजूंनी सारखी टेकवली की लिंक हाताने आत जाते. नंतर अलाइनमेंट करून घेतली.

पुन्हा तेच वावर, त्याच बाटल्या. सरळ रांगेतल्या नागमोडीत गाडी खरंच चपळ झाली होती. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळायचं. टायरवरची खडूची रेघही आधीपेक्षा वर थांबली, म्हणजे टायर सपाट टेकत होता. पण जिथे बाटलीला जवळून वळसा घालायचा होता, तिथून निघताना आतलं चाक मोकळं सुटून माती उडवायचं आणि गाडी बाहेर पसरायची. ट्रॅक्टरच्या चाकोरीत एक चाक गेलं की धक्का दुसऱ्या चाकापर्यंत जायचा. कडक बार म्हणजे दोन चाकं एकमेकांना जास्त घट्ट बांधलेली. एकाला ठेच लागली तर दुसऱ्याला कळणारच. बाहेरच्या भोकात लिंक लावून बघितलं, थोडा फरक पडला. स्टॉपवॉच मात्र जुन्या बारच्या बाजूने होतं.

त्याने निर्णय घेतला तो त्याच्या वयाच्या मानाने मला फार शहाणपणाचा वाटला. मातीच्या स्पर्धेला जुना बार, नवे बुश, नव्या लिंक. जाड बार डांबरावरच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. गॅरेजच्या भिंतीवर तो टांगलेला असतो, वर चिठ्ठी, "24, डांबर". मातीवर तो उतरला, गाडी धड परत आणली, आणि दर फेरीला आपला वेळ सुधारत गेला. याहून जास्त मी मागितलं नव्हतं.

या कामाने मला दिलेली गोष्ट रोजच्या गिऱ्हाइकांपाशी कामाला येते. घाटातले काही ड्रायव्हर म्हणतात, "लिंक वाजते ना, मग बारच काढून टाका." आवाज जाईल, हे खरं. पण वळणावर गाडी मोकळी झुकेल आणि लगेच उलट्या वळणाला दुसऱ्या बाजूला कोसळल्यासारखी जाईल. आत माणसं भरलेली, वर कॅरिअरवर बाजाराची पोती. ड्रायव्हरला ते झुकणं सावरायला जो क्षण लागतो, तो क्षण चांदसैलीच्या वळणावर दरीच्या कडेला लागतो. दुसरे काही म्हणतात, "जाडच टाका, मग कितीही भरता येईल." त्यांना मी कागदच दाखवतो. कॅरिअरवर पोतं चढवलं की वजनाचा मध्य वर गेला, वळणावर बाहेरच्या चाकांकडे जाणारा एकूण भार वाढला. तो भार कुठलाही बार परत घेत नाही. जाड बारने गाडी कमी झुकते आणि ड्रायव्हरला वाटतं सगळं ठीक आहे. भार मात्र तेवढाच असतो, फक्त दिसेनासा होतो. मला याचीच जास्त भीती वाटते.

भार कमी करायचे मार्ग दोनच. ओझं खाली आणा, आणि वेग उतरवा. वेगाचा हिशेब तर वर्गाचा आहे. जे वळण ताशी 40 किलोमीटरने घेता तेच 30 ने घेतलं, तर बाजूला फेकणारा जोर सुमारे 44 टक्क्यांनी उतरतो. बाजारातला कुठलाही सुटा भाग बसवून एवढा फायदा होत नाही. हे सांगितलं की ड्रायव्हर ऐकतात, कारण आकडा त्यांच्या रोजच्या स्पीडोमीटरवरचा असतो.

तरुणांचं वेगळं आहे. त्यांना वेग हवा आणि तो हवा असण्यात मला काही वावगं वाटत नाही. पण आमच्याकडे त्यांच्यापुढे रस्ते आहेत ते तोरणमाळचे, देवगोईचे, कोंडाईबारीचे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या रस्त्यावर समोरून बाजारकरी येतात, शाळेची मुलं येतात, बकऱ्या येतात. ऑटोक्रॉस मला आवडला तो याच कारणाने. इथे समोरून कोणी येत नाही, चूक झाली तर बाटली पडते, आणि शिकणं सगळं मोजून होतं. आपल्या जिल्ह्यात पडीक सपाट जागा कमी नाहीत, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिक होणारी पोरं कमी नाहीत. त्यांच्यासाठी एक आखलेलं मैदान, रुग्णवाहिका, हेल्मेटची सक्ती आणि फेडरेशनच्या नियमांनी होणारी एखादी स्पर्धा, एवढं झालं तर ती मुलं गाडी वळणावर काय करते ते मैदानात शिकतील, आणि त्यांतली निम्मी तरी पुढे घाटातल्या गाड्या नीट दुरुस्त करतील. त्या दिवशी टायरवर खडू ओढायला मी माझ्या खर्चाने येईन.